लाल, मग खाल्लेलं

बालवाडीच्या प्रशिक्षणात सरोजिनीबाईंना फुलांवरून क्रम शिकवायला शिकवलं होतं. एक गुलाब, एक मोगरा, पुन्हा गुलाब, पुन्हा मोगरा; मग मुलाला विचारायचं, आता पुढे काय? मूल बरोबर बोललं की समजायचं, याच्या डोक्यात गणिताचं बी पडलं. नगरच्या ज्या संस्थेनं हे प्रशिक्षण दिलं तिच्या आवारात गुलाब होते, मोगरा होता आणि फुले तोडू नयेत अशी पाटीही होती. पुस्तिकेत एक तळटीप होती: 'ऋतुमानानुसार स्थानिक फुले वापरावीत.' टीप लिहिणाऱ्यानं ऋतू पाहिले असावेत, पाथर्डी तालुका पाहिलेला नसावा.

हे त्र्याहत्तर सालच्या फाल्गुनातलं. पावसानं लागोपाठ दगा दिला होता. एरवी दसरा झाला की निम्मा तालुका गाड्या जुंपून ऊसतोडीला जायचा. यंदा उसालाच पाणी नव्हतं, तेव्हा कोयते घरी राहिले आणि माणसं दुष्काळी कामावर आली. डोंगराच्या पायथ्याशी पाझर तलाव खणायचं काम निघालं होतं. पुरुष खणायचे, बाया पाट्या वाहायच्या. तलावात पाणी कुठून येणार हे कोणी विचारत नसे. विचारलं आणि काम बंद पडलं तर काय घ्या. पाऊस लांबला की देव पाण्यात घालून बसायचा गावचा जुना रिवाज, तोही राहिला होता. देव होता, पाणी नव्हतं.

तलावाच्या खाणीच्या काठावर चार बांबू आणि एक ताडपत्री, ही बालवाडी. आया खाली मातीत आणि लेकरं वर ताडपत्रीखाली. दुपारी प्रत्येकाला वाटीभर सुकडी मिळायची, म्हणजे भाजलेलं पीठ आणि गूळ. सुकडीची पोती संस्थेची जीप आणून टाकायची. मुलं बालवाडीत का येतात, याबद्दल सरोजिनीबाईंच्या मनात कधीच गैरसमज नव्हता.

बाई मूळच्या कोल्हारच्या. प्रवरेच्या काठचं गाव, तिथल्या माणसाला दुष्काळ ऐकून माहीत. वडील शाळामास्तर, आणि सकाळी देवीच्या देवळातली पूजा त्यांच्याकडं. अंगणात जास्वंद, शेवंती, प्राजक्त. लहानपणी वडिलांबरोबर त्या देवीच्या माळा ओवायला बसत. एक जास्वंद, दोन शेवंत्या, एक जास्वंद, दोन शेवंत्या. मध्ये चूक झाली तर वडील म्हणायचे, "देवी रागवायची नाही. मी रागवेन." आणि अख्खी माळ उसवायला लावायचे. पुढं पत्रिका जुळली तेव्हा माणसं जुळली नाहीत, माणसं जुळली तेव्हा मंगळ आडवा आला. वडील गेले, भावाचा संसार झाला, आणि बत्तिसाव्या वर्षी बाईंच्या ध्यानात आलं की या घरात आपण पाहुणीही नाही आणि मालकीणही नाही. मधल्या अवस्थेला स्वयंपाकीण म्हणतात. म्हणून त्या प्रशिक्षणाला गेल्या, आणि प्रशिक्षणानं त्यांना पाथर्डीच्या उन्हात आणून सोडलं.

महिनाभर ठीक चाललं. मग जीपच्या ड्रायव्हरनं पोत्यांबरोबर निरोप आणला.

"पुढल्या शनवारी लीनाताई येणार हायेत पाहनीला. पोरांना काय येतं ते बघनार."

"काय यायला हवं?"

"ते मला काय ठाव? पर बैठकीत ठरलंय म्हनं. जितं नुसतं खानं चालतं तितली बालवाडी बंद. पोती दुसरीकडं."

ड्रायव्हर पोती उतरवून गेला. बाई उभ्याच राहिल्या. शनिवारपर्यंत या पोरांना काहीतरी यायला हवं होतं, आणि ते लीनाताईंना दिसायला हवं होतं. नाहीतर वाटी गेली. पुस्तिकेत पहिला धडा क्रमाचा होता. म्हणजे फुलं हवी होती.

मदतीला लंकाबाई नावाची गावातली बाई होती. झाडणं, पाणी आणणं, सुकडी वाटणं तिच्याकडं. बाईंनी तिला विचारलं, "लंकाबाई, इथं फुलं कुठं मिळतील?"

"कोन गेलं?" लंकाबाईनं विचारलं.

त्या साली फुलांची चौकशी कोणी दुसऱ्या कशासाठी करत नसे.

डोंगरात पळस फुलला होता. पळसाला दुष्काळ कळत नाही. पानं झाडून टाकतो आणि वर लालभडक पेटतो. लंकाबाई सरपणाबरोबर ओटीभर पळस आणू लागली. लाल झालं. दुसरा रंग अवघड होता. रुई होती, पण तिचा चीक विषारी, आणि ही मुलं हातात येईल ते आधी तोंडात घालून मग त्याचं नाव विचारत. शेवटी बाईंना पांढरं सापडलं ते सरकारी बंगल्यावर. तिथल्या विहिरीत अजून घागर बुडत होती, आणि विहिरीच्या कडेला एक शेवगा फुलून आला होता. बंगल्याचा चौकीदार आसाराम. बाईंनी त्याला क्रम, गणित, बालमन वगैरे समजावून सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"खालच्या फांदीची घ्या," तो म्हणाला. "साहेबाला शेंगांची आमटी लागती. वर हात लावू नका."

तर असा धडा सुरू झाला. बाई जमिनीवर ओळ मांडायच्या: लाल, पांढरं, लाल, पांढरं. मुलं मोठ्यानं म्हणायची. मग ज्याला त्याला मूठभर फुलं देऊन बाई सांगायच्या, तुम्ही मांडा. एवढ्यात झोळीतलं एखादं तान्हं रडायचं, बाई तिकडं वळायच्या, आणि परत येऊन बघतात तो ओळीत लाल, लाल, लाल, लाल.

"अरे, पांढरं कुठं गेलं?"

मुलं गप्प. सगळ्यांत गप्प चांगुणा. पाच वर्षांची, हातापायाच्या काड्या, डोळे मोठे. तिची ओळ नेहमी नुसती लाल.

"चांगुणा, एक लाल, मग काय?"

"पांढरं."

"मग मांडलं का नाहीस?"

चांगुणा परकराचा घोळ घट्ट धरून बसायची. एका सकाळी बाईंचा तोल गेला. त्या म्हणाल्या, "तू मठ्ठ आहेस." मग त्यांना वडील आठवले आणि त्यांनी सगळी ओळ उसवून पुन्हा मांडायला लावली. पुन्हा लाल, लाल, लाल. बाईंना त्या दिवशी खरोखर वाटलं की वडिलांची विद्या कोल्हारच्या पुढं चालत नाही.

गुरुवारी सुट्टी झाली तेव्हा चांगुणाची आई, राहीबाई, खाणीतून वर आली. डोक्यावरची चुंबळ हातात, अंगभर माती. ताडपत्रीच्या कडेला उभी राहिली.

"बाई, येक इचारू? रागावनार न्हाई न्हवं?"

"विचारा ना."

"ती पांढरी भाजी लई ग्वाड लागती. सासूला दात न्हाईत, तिला बी चावती. पर त्यात ती लाल कशापायी मिसळत्यात? पळस कोन खातंय? म्या शिजवून बी बगिटलं. कडूच."

"कसली भाजी?"

"आमची चांगुना आनती की रोज, वट्यात घालून. रेशनातल्या मिलो जवारीच्या भाकरीसंगं बरी लागती. आमी म्हनलं, सरकार मिलोत खडं मिसळतं, तशीच ह्यात लाल फुलं मिसळत आसंल, वजन भराया."

बाईंनी हातातली लाल फुलं खाली ठेवली. राहीबाईला वाटलं, आपण फार बोललो.

"आमची तकरार न्हाई हां. ती साळूबाई म्हनती, तिच्या पोराला तीनच फुलं येत्यात आन् चांगुनाला वंजळभर. म्या म्हनलं, बाईंच्या मनात आसंल तसं देतील. आपन का बोलावं?"

बाईंनी लंकाबाईकडं पाहिलं. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"व्हय," लंकाबाई म्हणाली. "मला वाटलं, तुमी मुद्दाम पाठीवता. धरमाचं काम बोलून दाखवू नये म्हनून गप हुते."

आता इथं बाईंनी गप्प बसायला हवं होतं. पण ज्या बाईच्या मुलीला आपण मठ्ठ म्हटलं तिच्यापुढं माणूस जास्त बोलतो. बाई म्हणाल्या, "अहो राहीबाई, ही भाजी वाटायची नाही. ही बंगल्यावरच्या शेवग्याची फुलं आहेत, मी शिकवायला आणते. शनिवारी पाहुण्या येणार आहेत, तोवर तेवढी खाऊ नका."

राहीबाईनं मान डोलावली. तिनं त्या वाक्यातलं जे ऐकायचं ते ऐकलं होतं: बंगल्यावर शेवगा आहे.

शनिवारी दिवस उगवायला बाई बंगल्यावर पोचल्या. आसाराम ओट्यावर गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. शेवगा उभा होता, पण त्याच्यावर फूल म्हणून नव्हतं. खालच्या फांद्यांवर नाही, वरच्या फांद्यांवर नाही. कोवळा पालासुद्धा ओरबाडून नेला होता. एक फांदी मोडून लोंबत होती.

"काल दिसभर बाया येत हुत्या," आसाराम म्हणाला. "म्हनल्या, बाईंनी सांगितलंय."

"मी असं सांगितलं नव्हतं."

"त्यांनी तसं ऐकलं. म्या काठी घिऊन उठलो, तर त्यात माजीच थोरली भैन. आता शेंगा बी न्हाईत आन् फुलं बी न्हाईत. सायेब कुनाला इचारनार? झाडाला तर न्हाई इचारनार."

परतताना वाटेत मारुतीचा पार लागला. शनिवार, त्यामुळं मारुतीच्या गळ्यात रुईच्या माळांवर माळा. अख्ख्या गावानं पावसासाठी घातलेल्या. फुलं पांढुरकी, जांभळट कडेची. लांबून पांढरी म्हणून खपली असती. बाई पारावर चढल्या. देवाच्या अंगावरचं निर्माल्य होण्याआधी काढू नये, हे त्यांना बोलता येण्याआधीपासून माहीत होतं. तरीही हात माळेपर्यंत गेला. देव त्यांना आडवा आला नाही. आडवी आली ती चांगुणा: ते फूल तिच्या हातात गेलं की कुठं जाईल, हे आता बाईंना पक्कं ठाऊक होतं. त्या तशाच खाली उतरल्या.

ताडपत्रीखाली लंकाबाईनं पळसाचा ढीग घालून ठेवला होता. लालच लाल.

अवतीभवती अख्खा तलाव खणून काढलेला होता. पांढऱ्या चुनखडीचे ढिगारे पडले होते, पोरांच्या मुठीत मावतील असे हजारो खडे. एक लाल फूल, एक पांढरा खडा. इतकं सोपं होतं. पण फुलांच्या अंगणात वाढलेल्या माणसाला खडा सुचत नाही, आणि सुचला तो जीप येऊन परत गेल्यावर.

लीनाताई विशी-पंचविशीतल्या. चष्मा, सुती साडी, खांद्याला पिशवी. जीपमधून उतरल्याबरोबर त्यांनी लंकाबाईलाही नमस्कार केला, त्यामुळं लंकाबाई घाबरली. माणूस चांगलं होतं. पुढं जे झालं त्यात हीच मुख्य अडचण ठरली.

"क्रम घेतलाय म्हणे तुम्ही? फुलांचा?" त्या चटईवर मुलांमध्येच बसल्या. "छान. दाखवा ना."

बाईंनी एक पळसाचं फूल मांडलं. मग हात हवेत राहिला. ढीग उपसला, खालीही लालच. मुलं बघत होती. खालून पाट्यांचा आवाज येत होता. बाईंना वाटलं, आता उठावं, हात जोडावेत आणि सांगावं की यांना काही येत नाही, मला काही शिकवता येत नाही, पण वाटी राहू द्या.

तेवढ्यात चांगुणा सरकत पुढं आली. तिनं बाईंच्या फुलाशेजारी तळहात टेकवला, तळहाताएवढी जागा मोजली, आणि पलीकडं दुसरं लाल ठेवलं. पुन्हा तळहात, पुन्हा लाल.

"मध्ये जागा का सोडलीस ग?" लीनाताईंनी विचारलं.

"तितं पांढरं हाय."

"कुठंय? मला दिसत नाही."

"खाल्लं."

मागची पोरं सुरात म्हणायला लागली. ओळ म्हणायची त्यांना सवयच होती. "लाल, मंग खाल्लेलं, लाल, मंग खाल्लेलं."

लीनाताई हसल्या. मग त्यांनी पहिल्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. "हे कोणी खाल्लं?"

"ह्ये म्या," चांगुणा म्हणाली. मग पुढच्या जागांवर स्वतःच बोट ठेवत गेली. "ह्ये आईनं. ह्ये आजीनं. ह्ये पुन्हा आजीनं, तिला मऊ लागतं."

"आणि हे शेवटचं?"

चांगुणानं विचार केला. "ह्ये कुनी न्हाई खाल्लं. ह्ये झाडालाच न्हाई."

लीनाताईंनी चष्मा काढून पदरानं पुसला. तो स्वच्छच होता.

नंतर जीपपाशी त्या म्हणाल्या, "बाई, तुमच्या मुलांना क्रम उत्तम येतो. नगरच्या मुलांनाही असा येत नाही. नसलेली वस्तूसुद्धा क्रमात धरतात."

"मग तेवढंच लिहा, ताई."

"नाही, हे सगळंच लिहायला हवं. मुलं शिकवायची फुलं शिजवून खातात हे कळलं, तर बैठकीत कोणाच्या तोंडून शब्द फुटणार नाही. मी दोन वाट्या मागते बघा."

सरोजिनीबाई हळूच म्हणाल्या, "वाढवून मागू नका. आहे तेवढं राहू द्या. आमचे वडील एकदा देवळाच्या पंचांकडं समईचं तेल वाढवून मागायला गेले होते. पंच म्हणाले, म्हणजे जळतं फार. आणि होतं तेही निम्मं केलं."

"अहो, ते जुने लोक," लीनाताई म्हणाल्या. त्यांचा सत्यावर विश्वास होता, आणि ते सांगितलं की काम होतं असं त्यांना कोणीतरी शिकवलं होतं. जीप धूळ उडवत गेली. पोरं मागं धावली नाहीत. धावायचं त्यांनी केव्हाच सोडलं होतं.

पाहणीचा वृत्तांत लीनाताईंनी खरोखर कळकळीनं लिहिला असणार. बैठकीतले लोकही वाईट नसणार. त्यांना एवढंच दिसलं की त्या बालवाडीत मुलं शैक्षणिक साहित्य खातात, आज शेवगा खाल्ला, उद्या भलतं काही खातील, आणि मग जबाबदारी कोणाची? तेव्हा पाऊस पडून परिस्थिती निवळेपर्यंत ती बालवाडी स्थगित ठेवावी. पुढं अशा ठिकाणी फुलांऐवजी खडे वापरावेत, अशीही सूचना झाली. थोडक्यात, मुलं उपाशी आहेत म्हणून मुलांचं जेवण बंद झालं. ठरावात अर्थातच ते असं लिहिलेलं नव्हतं.

निरोप घेऊन तोच ड्रायव्हर आला. त्यानं उरलेलं पोतं जीपमध्ये टाकलं, ताडपत्रीची घडी घातली. बांबू तेवढे राहिले.

"चला बाई, नगरपर्यंत सोडतो. तितनं कोल्हारला यश्टी हाय."

"उद्या जाईन," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी बोचकं बांधून त्या बांबूंपाशी आल्या, ते लंकाबाईचा निरोप घ्यायला. दुपार झाली होती. ताडपत्री नव्हती, तरी तिची सावली जिथं पडायची तिथं उन्हात पोरं ओळीनं बसली होती. प्रत्येकापुढं आपापली वाटी. लंकाबाई त्यांना हाकलत होती. "जावा रं आयांकडं. न्हाई मिळायची आता. संपली."

पोरं हलली नाहीत. वाटीच्या वेळी बसायचं, मग वाटी भरते, हे त्यांना पाठ झालं होतं. बाईंनीच शिकवलं होतं ते.

बाईंनी बोचक्यातली वाटेसाठी घेतलेली भाकरी सोडली. तिचे तुकडे केले. ते ओळीच्या मध्यापर्यंत पुरले. पुढच्या वाट्यांपुढं बाई नुसत्याच वाकल्या आणि सरळ झाल्या.

त्या यष्टीला गेल्या नाहीत. का गेल्या नाहीत, हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. कोल्हारला फुलं होती आणि वहिनी होती. इथं दोन्ही नव्हती, हे एक कारण असू शकेल. त्या सरळ खाणीत उतरून मुकादमापुढं उभ्या राहिल्या.

"मला पाटी द्या."

मुकादम हसला. मग त्यानं हसू आवरलं. "बाई, तुमी मास्तरघरच्या. मान मोडंल."

"मोडली तर तुम्हाला सांगायला येईन."

"पोरांना पुन्हा जमवून बसवायचं मनात आसंल, तर ते न्हाई चालायचं हां. वरून मला बोलनी बसत्यात."

"जमवत नाही. त्यांची ती बसतात."

राहीबाईनं आपल्या लुगड्याच्या चिंधीची चुंबळ वळून बाईंच्या डोक्यावर ठेवली, वर पाटी चढवली आणि म्हणाली, "खाली बगू नका. म्होरल्या बाईची टाच बगा."

बांधावर जायची वाट एकच, अरुंद. एक बाई भरली पाटी घेऊन चढायची, मग एक रिकामी घेऊन उतरायची, मग पुन्हा भरलेली चढायची. वर काठाला, बांबूंपाशी, चांगुणा धाकट्या भावाची झोळी हलवत बसली होती. तिच्यापुढून ही रांग दिवसभर जात होती, आणि ती हलक्या आवाजात म्हणत होती, "भरली, मंग रिकामी. भरली, मंग रिकामी."

सरोजिनीबाई चौथ्या-पाचव्या खेपेला निम्म्या चढावर थांबल्या. डोळ्यांपुढं अंधारी आली होती. क्षणभर पाय टेकून उभ्या राहिल्या आणि मग घाईनं, रिकामी बाई उतरायच्या आतच, पुढं निघाल्या.

"बाई," वरून चांगुणा म्हणाली. "तुमी चुकलाव. आता रिकामीचा नंबर हाय."

मागून राहीबाई ओरडली, "गप ग. बाईंना म्हनती व्हय?"

"नाही, बरोबर आहे तिचं," सरोजिनीबाई म्हणाल्या. त्या वाटेच्या कडेला सरकल्या, उतरणारीला जागा दिली आणि पाटी डोक्यावर तशीच धरून आपल्या पाळीची वाट बघत उभ्या राहिल्या.